पंचवीसपैकी नऊ : द्रावणांच्या चाचणीचं एक प्रकरण

तासगाव तालुक्यातल्या एका गावात मी अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची शिकवणी घेते. ऑगस्टमधली गोष्ट. बारावीतली एक मुलगी कॉलेजच्या घटक चाचणीचा तपासलेला पेपर घेऊन आली. धडा दुसरा, सोल्युशन्स. पंचवीसपैकी नऊ. दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर गुण होते, शाळा मराठी माध्यमाची. अठरा दिवसांनी फेरचाचणी होती. नाव इथे देत नाही, तिला आवडणार नाही.

पेपर माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "मॅडम, फॉर्म्युले सगळे पाठ होते." खोटं नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर तिने न बघता सगळी सूत्रं लिहून दाखवली. मोलॅरिटी, मोलॅलिटी, राउल्ट, उत्कलनबिंदूतली वाढ, गोठणबिंदूतली घट, ऑस्मॉटिक प्रेशर. एक चिन्ह चुकलं नाही. सूत्रं पाठ आणि गुण नऊ, याचा अर्थ सराव कमी पडला, असा सरळ निष्कर्ष मी काढला आणि चाळीस गणितं दिली. चार दिवसांत तिने सगळी सोडवली, रात्री बारापर्यंत बसून. पाचव्या दिवशी मी पाच गणितांची छोटी चाचणी घेतली. तीन चुकली, आणि चुका त्याच जुन्या. म्हणजे चाळीस वेळा तिने तीच चूक घोटून पक्की केली होती, आणि तीही माझ्या सांगण्यावरून.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. तिचा पेपर नीट वाचला. कुठे चूक बरोबर हे न पाहता, चुकलेला आकडा आला कुठून ते शोधत वाचला.

एक प्रश्न असा होता : वजनाने १० टक्के युरियाचं द्रावण, घनता १.०३ ग्रॅम प्रति मिलिलिटर. मोलॅलिटी आणि मोलॅरिटी काढा. युरियाचं मोलर वस्तुमान ६०, म्हणजे एक मोल (रेणू मोजायचं एकक) युरिया ६० ग्रॅम. शंभर ग्रॅम द्रावणात दहा ग्रॅम युरिया, म्हणजे ०.१६७ मोल. मोलॅलिटीसाठी याला भागायचं पाण्याच्या किलोंनी. पाणी ९० ग्रॅम, उत्तर १.८५. मोलॅरिटीसाठी भागायचं द्रावणाच्या लिटरांनी. शंभर ग्रॅम द्रावणाचं आकारमान १०० भागिले १.०३, म्हणजे ९७.१ मिलि, उत्तर १.७२. तिने दोन्हीकडे १.६७ लिहिलं होतं.

हा १.६७ मला फार काही सांगून गेला. तो येतो ०.१६७ ला ०.१ ने भागल्यावर. म्हणजे तिने शंभर ग्रॅम द्रावण घेतलं, एकदा त्याला पाणी समजून किलोंनी भागलं आणि एकदा लिटर समजून लिटरांनी. वरचा आकडा दोन्हीकडे बरोबर होता. चुकला तो खालचा. तिचं उत्तर मोलॅलिटीही नव्हतं आणि मोलॅरिटीही नव्हतं, मधलंच काहीतरी होतं.

पुढच्या प्रश्नात त्याच द्रावणासाठी बाष्पदाबातली सापेक्ष घट विचारली होती. घट द्राव्याच्या (विरघळलेल्या पदार्थाच्या) मोल अपूर्णांकाइतकी, म्हणजे एकूण मोलांतल्या त्याच्या वाट्याइतकी असते. युरियाचे ०.१६७ मोल, पाण्याचे ९० भागिले १८ म्हणजे ५ मोल, उत्तर ०.०३२. तिचं उत्तर ०.९६८. तिने द्रावकाचा, म्हणजे पाण्याचा, मोल अपूर्णांक घेतला होता. याचा अर्थ चमचाभर युरिया टाकल्यावर पाण्याचा बाष्पदाब जवळजवळ संपलाच. उत्तर लिहिताना हे तिच्या मनात आलं नाही, कारण तिच्या दृष्टीने ते पाणी नव्हतं, सूत्रातलं एक्स-वन आणि एक्स-टू होतं.

मी तिला विचारलं, "सोल्युट म्हणजे काय?" तिने व्याख्या सांगितली. "सॉल्व्हंट?" व्याख्या सांगितली. "मग इथं कुणाला भागायचं होतं?" गप्प.

या मुलांची एक अडचण आहे, जी शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांना चटकन दिसत नाही. दहावीपर्यंत द्राव्य, द्रावक, द्रावण. अकरावीत एका जूनमध्ये सोल्युट, सॉल्व्हंट, सोल्युशन. दोन्ही भाषांत तिन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, एकमेकांच्या भावंडांसारखे दिसतात, आणि घाईत वाचताना डोळा पहिलं अक्षर बघून पुढे सरकतो. त्यातही वाक्याची रचना उलटी. इंग्रजी व्याख्या म्हणते 'मोल्स ऑफ सोल्युट पर किलोग्रॅम ऑफ सॉल्व्हंट'. ज्याने भागायचं तो शब्द अगदी शेवटी येतो, आणि तिथे पोचेपर्यंत हिची पेन्सिल चालू झालेली असते. आपल्याकडे तो आधी येतो. लिटरला पंचवीस ग्रॅम. शेकडा दहा. एकरी चार ट्रक. आधी कशाला, मग किती.

म्हणून मी नियम केला : पेन्सिल उचलायच्या आधी प्रश्नातली संहती (द्रावण किती दाट ते) मराठीत मोठ्याने सांगायची, 'कशाला किती' या चालीवर. मोलॅलिटी म्हणजे किलोभर पाण्याला इतके मोल. मोलॅरिटी म्हणजे लिटरभर तयार द्रावणाला इतके मोल. पहिले दोन दिवस तिला हसू येत होतं. बारावी सायन्सच्या मुलीने बाजारहाट केल्यासारखं बोलायचं, हे तिला खालच्या वर्गात गेल्यासारखं वाटलं असावं. तिसऱ्या दिवशी हसू थांबलं, कारण गणितं बरोबर यायला लागली.

तरी 'तयार द्रावण' आणि 'पाणी' यांत एवढा काय फरक पडतो, ही शंका तिच्या चेहऱ्यावर होतीच. रास्त होती. पातळ द्रावणात फरक पडतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून शिकवणीच्या खोलीतून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. फवारणीच्या औषधासाठी असतो तसला खुणांचा प्लॅस्टिकचा मग ती घरून घेऊन आली, अर्थात नवा. अडीचशे मिलि पाणी, अडीचशे ग्रॅम साखर. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं आणि मगावरची खूण वाचायची. तिने आधी अंदाज सांगितला, अडीचशेच राहील, "साखर विरघळून गेली की." मग म्हणाली नाही, पाचशे होईल. खूण आली चारशेच्या किंचित वर.

साखरेचं मोलर वस्तुमान ३४२. अडीचशे ग्रॅम म्हणजे ०.७३ मोल. पाण्याच्या पाव किलोने भागलं की २.९२. मगातल्या साधारण ४०५ मिलिने भागलं की १.८०. तेच पाणी, तीच साखर, एकच मग, आणि दोन आकडे इतके लांब. ती बराच वेळ त्या मगाकडे बघत होती. मग स्वतःच म्हणाली, "म्हणून प्रॅक्टिकलला फ्लास्कमध्ये आधी थोडंच पाणी घालायचं आणि मग मार्कपर्यंत भरायचं." मोर सॉल्ट नावाच्या क्षाराचं द्रावण तिने कॉलेजात दोनदा केलं होतं. हाताला माहीत असलेली गोष्ट डोक्यापर्यंत पोचायला पाव किलो साखर लागली. लिंबू पिळून आम्ही ती संपवली.

यानंतरचा भाग माझ्या योजनेत नव्हता.

तिच्या घरची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. एका रविवारी तिचे वडील तिला सोडायला आले आणि ओट्यावर टेकले. मी सहज विचारलं, जीए (घडांसाठीचं वाढीचं संजीवक, जिबरेलिक ॲसिड) किती मारता? "पयल्या डिपिंगला धा पीपीएम. शंभर लिटरला एक ग्रॅम." लेकीने चमकून बघितलं. पीपीएमची (दहा लाख भागांत किती भाग) व्याख्या तिच्या वहीत होती, गणितही होतं, आणि तो शब्द ती लहानपणापासून जेवताना ऐकत आली होती. दोन्ही एकच आहेत हे तिला त्या ओट्यावर कळलं. शंभर लिटर पाणी म्हणजे एक लाख ग्रॅम. लाखाला एक, म्हणजे दहा लाखाला दहा. मी पुढे विचारलं, जीए थेट पाण्यात टाकता का? "छ्या! गुठळ्या हुत्यात. आदी ॲसिटोनमधी." धड्याच्या दुसऱ्याच पानावर समान समानाला विरघळवतो असं लिहिलेलं असतं. त्याला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याजवळ नव्हतं.

बोर्डोचाही, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मिश्रणाचाही, विषय निघाला. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मी तिला विचारलं, हे द्रावण का? हो म्हणाली. वडील म्हणाले, "पंप हलवत ऱ्हायला लागतं की गं, तळाला बसतंय." मग तळाला बसतं ते द्रावण कसलं? मोरचुदाचं निळं पाणी द्रावण खरं. त्यात चुन्याचं पाणी पडलं की ते निलंबन, म्हणजे न विरघळलेले कण तरंगणारं मिश्रण, होतं. हा मुद्दा चाचणीत येणार नव्हता, सोडून दिला.

ब्रिक्स मात्र सोडला नाही. बेदाण्यासाठी माल बावीस ब्रिक्सच्या पुढे गेल्यावर काढतात. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर, हे तिला माहीत होतं. मी इतकंच विचारलं : कशाला किती? "शंभर ग्रॅम रसाला बावीस." रस म्हणजे द्राव्य, द्रावक की द्रावण? "द्रावण. मग पाणी अठ्ठ्याहत्तर." आणि न सांगता तिने पुढचं गणित मांडलं. शंभर किलो द्राक्षांत बावीस किलो साखर. बेदाण्यात पाणी साधारण पंधरा टक्के राहतं, म्हणजे पंच्याऐंशी टक्के बाकीचं, जे जवळजवळ साखरच. साखर कुठे जात नाही, पाणी जातं. बावीस भागिले ०.८५, सव्वीस किलो बेदाणा. चार किलोला एक. वडील मान डोलवत म्हणाले, "ते तर आमी तसंच धरतोय." त्यांना उत्तर माहीत होतं. ते का येतं हे मुलीने काढलं होतं. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला.

आता माझी चूक. बेदाण्यासाठी द्राक्षं वाळत टाकण्याआधी डिपिंगच्या द्रावणात बुडवतात : लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. ती म्हणाली, "मॅडम, हे ऑस्मोसिसच ना? बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी बाहेर येतं. लोणच्याच्या कैरीसारखं." मी हो म्हणाले. शोभिवंत उदाहरण होतं, धड्याशी जुळत होतं, आणि मी इतकी वर्षं मनात तसंच धरून होते. ती घरी गेली आणि रात्री फोनवर फोटो आला. तिने आकडे घातले होते.

पोटॅशियम कार्बोनेटचं मोलर वस्तुमान १३८. लिटरला २५ ग्रॅम म्हणजे ०.१८ मोल. पाण्यात त्याचे तीन आयन होतात, दोन पोटॅशियमचे आणि एक कार्बोनेटचा, म्हणून व्हॅन्ट हॉफ गुणक ३. तीनशे केल्विनला ऑस्मॉटिक प्रेशर, म्हणजे पाणी ओढायची ताकद, १३ वातावरणांच्या आसपास. आणि द्राक्षाच्या आत? शंभर ग्रॅम रसात बावीस ग्रॅम साखर. द्राक्षातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्हींचं मोलर वस्तुमान १८०, म्हणजे ०.१२२ मोल. अशा रसाची घनता १.०९, तर आकारमान ९२ मिलि, मोलॅरिटी १.३३. प्रेशर ३३ वातावरणं. फोटोखाली तिने लिहिलं होतं : "मॅडम आतलं जास्त आहे. मग पाणी आत जायला पाहिजे ना?"

तिचं बरोबर होतं. इतक्या दाट रसाला हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही आणि द्राक्षाची साल म्हणजे पाठ्यपुस्तकातला आदर्श पडदाही नव्हे. पण तेरा आणि तेहतीस यांत इतकं अंतर आहे की त्याने दिशा बदलत नाही. पाणी ऑस्मोसिसने निघत नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, आणि डिपिंगचं मिश्रण त्या थराची ठेवण मोडतं. त्यानंतर शेडमधल्या जाळ्यांवर पाणी साधं वाफ होऊन उडतं, फक्त पुष्कळ लवकर. फळ त्या मिश्रणात काही मिनिटंच असतं, वाळायला मात्र पुढचे दोन-तीन आठवडे लागतात. एवढ्यावरूनच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कैरीचं वेगळं, तिथे फोडी कोरड्या मिठात मुरतात आणि बाहेरचं द्रावण खरोखरच दाट असतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की माझं चुकलं आणि हिने पकडलं. चाळीस गणितांनी जे झालं नव्हतं ते या एका फोटोने झालं, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही.

बाकीच्या दुरुस्त्या किरकोळ होत्या, पण गुण त्यांतच जातात. पहिल्या चाचणीत तिने युरियाचा व्हॅन्ट हॉफ गुणक दोन धरला होता. का, तर रेणूत अमाइनचे दोन गट दिसतात. म्हणून दुसरा प्रश्न ठरवला : पाण्यात गेल्यावर तुकडे किती? युरिया अख्खा राहतो, ग्लुकोज अख्खं, मिठाचे दोन, कार्बोनेटचे तीन. या गुणकामागे स्वीडिश शास्त्रज्ञ आर्‍हेनियस आहे, आणि आयनांबद्दलच्या त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठात जेमतेम उत्तीर्ण करणारी श्रेणी मिळाली होती. पुढे १९०३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. हे मी तिला सांगितलं नाही. नऊ गुण मिळालेल्या माणसाला असल्या गोष्टी ऐकवू नयेत, चिडचिड होते.

लॉग टेबलचा प्रश्न वेगळाच निघाला. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्याच युरियाच्या द्रावणाचा उत्कलनबिंदू किती वाढेल? मोलॅलिटी १.८५ गुणिले पाण्याचा स्थिरांक ०.५१२, उत्तर ०.९४७ अंश. तिचं उत्तर ९.४७. ०.५१२ चा लॉग बार एक पूर्णांक ७०९३ आहे (बार म्हणजे एकच्या डोक्यावरची ऋणाची रेघ). तिने बार खाल्ला आणि उत्तर दहापट झालं. मी तिला बारचे नियम पुन्हा शिकवले नाहीत. फक्त विचारलं, दहा टक्के युरियाचं पाणी एकशे नऊ अंशांना उकळेल का? आधी अंदाज लिहायचा, मग लॉग बघायचा, एवढीच सवय लावली. ०.५१२ म्हणजे साधारण अर्धा, १.८५ चा अर्धा एकच्या आत. उत्तर नऊ आलं तर बार हरवलाय.

वायूंच्या विद्राव्यतेवर तिने लिहिलं होतं की तापमान वाढलं की ती वाढते. गोटी सोड्याची गार बाटली आणि उन्हात ठेवलेली बाटली यांची आठवण करून दिली, अर्ध्या मिनिटात काम झालं.

राउल्टच्या नियमापासूनचं विचलन मात्र शेवटपर्यंत बसलं नाही. दोन बाष्पनशील द्रवांचं मिश्रण, धन विचलन कुठे, ऋण कुठे, हे तिने उदाहरणं पाठ करूनच लिहिलं. इथेनॉल-ॲसिटोन धन, फिनॉल-ॲनिलीन ऋण. आमच्याकडे तीन दिवस उरले होते आणि मी ते तसंच राहू दिलं. पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही. जिथे हाताशी काही नाही आणि वेळही नाही, तिथे पाठ करावं.

शेवटच्या दोन दिवसांत नवं काही घेतलं नाही. जुन्या चाचणीतले प्रश्न, त्यातले आकडे बदलून, वेळ लावून. आदल्या संध्याकाळी ती सूत्रांचं पान पुन्हा लिहायला बसली होती. मी वही काढून घेतली.

फेरचाचणीत अठरा. विचलनाचे दोन गेले, राउल्टच्या आलेखाचा एक. एक गणित वेळेअभावी अर्धं राहिलं, त्याचे दोन. उरलेले दोन एकक न लिहिल्याचे, त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही. मोलॅलिटी-मोलॅरिटीचं गणित पुन्हा आलं होतं, या वेळी पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : 'किलोभर पाण्याला'. तपासणाऱ्याने त्याखाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं होतं, गुण मात्र पूर्ण दिले होते.

पेपर दाखवायला आली त्या दिवशी तिच्याजवळ वेगळाच प्रश्न होता. शेडमध्ये गेल्या हंगामातलं कार्बोनेटचं अर्धं पोतं उरलं होतं, तोंड उघडं, पावसाळ्याचे दिवस. तिने हात घातला तर ओलं, ढेकळं झालेली. हे रसायन हवेतलं पाणी ओढून घेतं, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं.

"मॅडम, पप्पा काट्यावर पंचवीस ग्रॅम मोजतात. पण त्यात पाणी पण असणार ना? मग लिटरला कार्बोनेट खरं किती पडतं?"

मी म्हटलं, ओल किती आहे ते कसं काढशील?

तिने वही उघडली आणि लिहिलं : ढेकूळ, वजन आधी. तव्यावर तापवून, वजन नंतर. मग थांबून म्हणाली, "तवा जुना घेते. आई ओरडेल."